हाकेच्या अंतरावर

मुंबई ते लंडन अंतर किती? कुठल्याही शाळकरी पोराला विचारा, तो मोबाईलवर दोन सेकंदांत शोधून सांगेल. सरळ मोजलं तर सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे साडेचार हजार मैलांना थोडं कमी. विमानाने नऊ-दहा तास. संपला विषय.

पण घरातलं कुणी तिकडे राहत असेल, तर या दोन्ही आकड्यांनी समाधान होत नाही. आपल्या मनातला प्रश्न वेगळाच असतो. आपल्या जुन्या लोकांनी तो फार नेमका ओळखला होता, असं मला वाटतं. त्यांना मैल आणि कोस ठाऊक होतेच, पण बोलताना ते अंतर वेगळ्याच मापांत सांगत. कुणी म्हणे दोन मुक्कामांवर आहे, कुणी म्हणे बैल दुपारपर्यंत पोचवतील. आणि सगळ्यात छान माप म्हणजे 'हाकेच्या अंतरावर'. या मापात दोन अटी लपलेल्या आहेत. एक, आपली हाक तिथवर पोचली पाहिजे. दोन, ती ऐकून माणूस वेळेत आला पाहिजे. नुसती हाक पोचून उपयोग नाही.

मुंबई-लंडन हे अंतर या मापाने मोजत गेलं, तर गेल्या दोनशे वर्षांचा एक वेगळाच इतिहास दिसतो. तोच आज सांगायचा आहे.

*

सुरुवात जरा मागून करतो. आपल्या धर्मशास्त्रात सुतकाचा विचार करताना 'देशांतर' नावाची कल्पना येते. नातलग परमुलखात गेला, बातमी उशिरा कळली, तर सुतक किती दिवस पाळायचं, असा तो प्रश्न. मग परमुलूख म्हणजे नेमका किती लांब? यावर जुन्या ग्रंथकारांनी बरीच चर्चा केली आहे. कुणी योजनांत अंतर सांगतो, कुणी म्हणतो मध्ये मोठी नदी किंवा पर्वत आला की देशांतर. पण एक व्याख्या मला फार आवडते. जिथली बातमी दहा रात्रींत कानावर येत नाही, ते देशांतर! अंतर बातमीच्या वेगाने मोजायची ही युक्ती ज्याला सुचली, त्याला माझा नमस्कार.

या व्याख्येने लंडन बराच काळ पक्कं देशांतर होतं. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना कंपनी सरकारने १८३९ मध्ये गादीवरून उतरवून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथेच राहिले. अर्ज, भेटी, पत्रकं, भाषणं, कर्ज, पुन्हा अर्ज. ऑक्टोबर १८४७ मध्ये प्रतापसिंह महाराज काशीत वारले. तेव्हा तारही नव्हती आणि सुएझचा कालवाही नव्हता. ज्या दिवशी महाराज गेले, त्या दिवशी आणि त्यानंतरचे कित्येक दिवस रंगो बापूजींच्या लेखी ते हयातच होते. आपण ज्याच्यासाठी भांडतो आहोत तो माणूस आता नाही, हे वकिलाला कळायलाच इतके दिवस लागावेत! पोचण्याचा तर प्रश्नच नव्हता. म्हणजे हाकही नाही आणि येणंही नाही.

तोवर प्रवास थोडा तरी आखूड झाला होता. आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजाला चार-सहा महिने लागत. १८३० मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली. तिला महिनाभर लागला, आणि त्यातले कितीतरी दिवस वाटेतल्या बंदरांत कोळसा भरण्यात गेले. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे विमानांची कथाही अशीच आहे. चालण्याबरोबर थांबण्यातही बराच वेळ जातो. सुएझहून मग वाळवंटातून भूमध्य समुद्रापर्यंत जायचं आणि तिथून दुसरं जहाज धरायचं. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि ही उतरचढ संपली.

आणि लगेच पुढच्या वर्षी, जून १८७० मध्ये, समुद्राखालून टाकलेल्या तारेने मुंबई आणि लंडन जोडली गेली. त्याआधी १८६५ पासून इराणच्या आखातामार्गे एक तार होती, पण तिच्यावरून संदेश यायला दिवस लागत आणि वाटेत मजकुराचा पार चोळामोळा होई. समुद्रातल्या तारेने ते काम काही तासांवर, कधी काही मिनिटांवर आणलं. त्या 'दहा रात्रीं'च्या व्याख्येने बघितलं तर लंडन १८७० साली देशांतर राहिलं नाही.

पण इथेच एक विचित्र फट पडली. बातमी काही तासांत, माणूस मात्र तीन आठवड्यांनी. रंगो बापूजींच्या काळी बातमी आणि माणूस जवळपास एकाच वेगाने हलत. आता बातमी पुढे धावू लागली आणि माणूस मागे राहिला. कळतं, पण जाता येत नाही.

या फटीत सापडलेला सगळ्यांना माहीत असलेला तरुण म्हणजे मोहनदास गांधी. सप्टेंबर १८८८ मध्ये मुंबईहून आगबोटीने निघून ते इंग्लंडला गेले आणि बॅरिस्टर होऊन जुलै १८९१ मध्ये मुंबईच्या धक्क्यावर उतरले. आईला कधी भेटतो असं झालेलं असताना थोरल्या भावाकडून कळलं, की आई केव्हाच गेली. परमुलखात एकट्याने धक्का सोसायला लागू नये म्हणून भावाने बातमी मुद्दाम कळवली नव्हती. हे त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. तारेची सोय होऊन वीस वर्षं उलटली होती. पण ज्याला येता येणार नाही त्याला हाक मारून उपयोग काय, असा हिशेब भावाने केला असेल. मला तो क्रूर वाटत नाही. त्या काळी कितीतरी घरांत असंच होत असणार.

*

ही फट भरायला विमान आलं. पण आपल्याला वाटतं तसं ते झपकन आलं नाही.

३० मार्च १९२९ ला इंपीरियल एअरवेजने लंडन ते कराची अशी सेवा सुरू केली. लंडनजवळच्या क्रॉयडनहून विमानाने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला जायचं. तिथे उतरून चक्क रेल्वेत बसायचं आणि आल्प्स ओलांडून इटलीत जिनोआला पोचायचं. तिथून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने अलेक्झांड्रिया. मग पुन्हा जमिनीवरचं विमान, गाझा, बगदाद, बसरा करत इराणच्या किनाऱ्याने कराची. सात दिवस! एका बाजूचं तिकीट १३० पौंड. रात्री उड्डाण नाही, प्रवाशांचा मुक्काम हॉटेलात किंवा वाळवंटातल्या एखाद्या गढीत. म्हणजे आपल्या 'मजल दरमजल'चाच प्रकार, फक्त मजला मोठ्या.

इराकच्या वाळवंटात वाट कशी सापडायची? त्याचा उपाय ब्रिटिश हवाई दलाने १९२१ मध्येच करून ठेवला होता. कैरो-बगदाद टपालाच्या विमानांसाठी त्यांनी वाळवंटात शेकडो मैल नांगरट करून एक रेघ ओढली होती. वैमानिकाने वरून ती रेघ बघत जायचं. नांगराच्या तासावरून विमान चालतंय, ही कल्पनाच मला गमतीशीर वाटते.

कराचीला उतरलेल्या टपालाचं पुढे काय? इथे आपले जे. आर. डी. टाटा येतात. १५ ऑक्टोबर १९३२ ला ते कराचीहून एका छोट्या पस मॉथ विमानात टपालाच्या थैल्या घेऊन निघाले. अहमदाबादला इंधन भरलं, ते बैलगाडीतून डबे आणून. दुपारी जुहूला उतरले. तिथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. जुहूचा विमानतळ म्हणजे समुद्राकाठची चिखलाची सपाटी. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई, म्हणून चार महिने बिऱ्हाड पुण्याला येरवड्याला हलवावं लागे. लंडनहून निघालेलं पत्र आल्प्स, वाळवंट, आखात सगळं पार करून येई आणि शेवटी जुहूच्या चिखलाशी येऊन अडे.

त्याच ऑक्टोबर १९३२ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. तिच्याकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. इराणने आपल्या किनाऱ्यावरून जायची परवानगी पुढे चालू ठेवली नाही. इंपीरियल एअरवेजला सगळा मार्ग उचलून आखाताच्या पलीकडच्या काठाला, कुवेत-बहरीन-शारजा असा न्यावा लागला. शारजासारख्या छोट्या गावात विमानतळ आणि प्रवाशांसाठी तटबंदीचं विश्रामगृह झालं ते यामुळे. विमान तेच, वैमानिक तेच. बदलली ती फक्त परवानगी. हाही मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

*

मुंबईहून आपल्या देशाचं विमान लंडनला जायला स्वातंत्र्य यावं लागलं. ८ जून १९४८ च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचं विमान सांताक्रूझहून उडालं. पस्तीस प्रवासी होते, त्यांत जे. आर. डी. टाटा स्वतः आणि नवानगरचे जामसाहेब. कैरो आणि जिनिव्हा असे दोन थांबे घेऊन १० जूनच्या सकाळी ते लंडनला पोचलं. चार पंखे, ताशी पाचशे किलोमीटरच्या आतबाहेर वेग. दोन रात्री आणि मधला एक दिवस. जहाजाच्या दोन-तीन आठवड्यांपुढे हे म्हणजे जादूच.

पण त्या जादूची किंमतही होती. ३ नोव्हेंबर १९५० ला हेच 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरोमार्गे जिनिव्हाला जाताना आल्प्समध्ये माँ ब्लाँ शिखराजवळ आदळलं. ४८ जण होते, कुणीही वाचलं नाही. प्रवाशांत बहुतेक भारतीय खलाशी होते, इंग्लंडमध्ये जहाजावर रुजू व्हायला निघालेले. समुद्रावर आयुष्य काढणाऱ्या माणसांना मरण आलं ते बर्फाच्या डोंगरावर.

आणि पंधरा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ ला, एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे बोईंग ७०७ त्याच माँ ब्लाँवर आदळलं. मुंबई, दिल्ली, बैरुत, जिनिव्हा, लंडन अशी त्याची वाट होती. ११७ माणसं गेली. त्यांत डॉ. होमी भाभा होते, म्हणून हा अपघात आपल्याला जास्त आठवतो. या विमानातलं टपाल बर्फात गाडलं गेलं. २०१२ मध्ये तिथल्या हिमनदीने एक थैली बाहेर टाकली. परराष्ट्र खात्याचा शिक्का असलेली, आत त्या दिवसांतली वर्तमानपत्रं. पुढे २०२० मध्ये बर्फातून आणखी काही वर्तमानपत्रं निघाली, इंदिरा गांधी पंतप्रधान होणार अशा मथळ्यांची. मुंबई-लंडन मार्गावरचं सर्वांत उशिरा पोचलेलं टपाल हेच असावं. सेहेचाळीस वर्षं, आणि पत्ता चुकलेला नव्हता, बरं का.

*

१९६० मध्ये एअर इंडियाकडे बोईंग ७०७ आली आणि मुंबई-लंडन-न्यूयॉर्क अशी जेट सेवा सुरू झाली. १९६२ मध्ये तर एअर इंडियाच्या ताफ्यात एकही पंख्याचं विमान उरलं नाही, सगळी जेट. असं करणारी ती जगातली पहिली कंपनी मानली जाते. ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास वेग. दीड दिवसाचं काम अर्ध्या दिवसावर आलं.

आता एक गंमत सांगतो. आजचं ड्रीमलायनर ताशी किती वेगाने जातं? नऊशेच्या आसपास! १९६० नंतर आपल्या नेहमीच्या प्रवासी विमानांचा वेग वाढलेलाच नाही. काँकॉर्ड ध्वनीपेक्षा दुप्पट वेगाने उडालं, पण ते २००३ मध्ये बंद झालं. मग प्रवास आखूड झाला तो कशाने? थांबे गळाले म्हणून. इंजिनं कमी इंधन पिऊ लागली, टाक्या मोठ्या झाल्या आणि कैरो, बैरुत, जिनिव्हा एकेक करून मागे पडले. 'ह्यू लिंडसे'चा कोळसा आठवतो ना? तीच गोष्ट.

विमान आलं, थांबे कमी झाले, म्हणजे फट बुजली का? आमच्या घरातलंच उदाहरण सांगतो. माझे नानाआजोबा, म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ, १९५८ मध्ये बोटीने इंग्लंडला गेले आणि बर्मिंगहॅमला कारखान्यात लागले. १९६१ च्या पावसाळ्यात वाईला पणजी वारली. तार केली, ती त्याच दिवशी मिळाली. जेट विमान सुरू होऊन वर्ष झालं होतं. पण तिकिटाचे पैसे त्यांच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढे होते. नानाआजोबांनी तिकडे आंघोळ केली आणि कामावर गेले. त्यांचं पत्र तेराव्यानंतर आलं. पत्रात आईविषयी दोनच ओळी होत्या आणि बाकी सगळं, दिवसवार्‍याला किती खर्च झाला, मी किती पाठवू, याबद्दल. घरात कुणी त्यांना बोल लावला नाही. ते १९६४ मध्ये आले, तेही बोटीनेच. वाईला आल्यावर घरी न जाता आधी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसले, असं माझे बाबा सांगायचे.

म्हणजे हाक पोचली होती, विमानही होतं. पण मध्ये तिकीट उभं होतं. पुढे सत्तरच्या दशकात जंबोजेट आली, एकेका विमानात साडेतीनशे माणसं बसू लागली आणि हळूहळू भाडं आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आलं. माझ्या मते या मार्गावरची खरी क्रांती ती. वेगाची नव्हे, भाड्याची.

*

मध्यंतरी मी घरातल्या पृथ्वीगोलावर मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये दोरा ताणून बघितला. तुम्हीही करून बघा. सपाट नकाशावर वाटतं की वाट अरबस्तान, इजिप्त, इटलीवरून जात असेल. दोरा मात्र वेगळंच सांगतो. तो मुंबईहून वायव्येला निघतो, बलुचिस्तानच्या कोपऱ्यावरून इराणमध्ये शिरतो, इराण तिरका कापतो, आणि बरोबर अर्ध्या वाटेवर आर्मेनिया-जॉर्जियाच्या सीमेपाशी पोचतो. मग काळा समुद्र, युक्रेन, पोलंड, जर्मनी, आणि लंडन. ते ७,२०० किलोमीटर म्हणजे या दोऱ्याची लांबी.

आता या दोऱ्यावरची नावं पुन्हा वाचा. पाकिस्तान, इराण, कॉकेशस, युक्रेन. गेल्या काही वर्षांत यातलं कुठलं आकाश शांत राहिलं?

बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ पासून जवळपास साडेचार महिने पाकिस्तानने आपलं आकाश बंद ठेवलं. एकट्या एअर इंडियाला त्यापायी चारशे नव्वद कोटींच्या वर फटका बसल्याचं सरकारने राज्यसभेत सांगितलं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना पुन्हा दार लावलं, आपणही त्यांना लावलं. आणि १३ जून २०२५ ला इस्रायलने इराणवर हल्ले केले, तेव्हा मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान काही तास हवेत राहून पुन्हा मुंबईलाच उतरलं. माणसं उठून विमानतळावर गेली, बसली, उडाली, जेवली, आणि सहारलाच उतरली!

दिल्लीच्या मानाने मुंबईचं बरं आहे, समोर समुद्र असल्यामुळे ओमानकडून वळसा घेता येतो. पण मुद्दा तोच, १९३२ चाच. ७,२०० हा आकडा पृथ्वीचा आहे. तास मात्र परवानगीवर ठरतात.

थोडेसे वाऱ्यावरही ठरतात म्हणा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, हिवाळ्यात तर फारच. त्यामुळे लंडनला जाताना वारा तोंडावर येतो आणि येताना पाठीवर बसतो. जाण्यापेक्षा येणं साधारण तासाभराने लवकर होतं. घरी येणाऱ्याला निसर्ग एवढी तरी सवलत देतो.

आणि विमानतळावर उतरलं की संपलं असंही नाही. लंडन ते मुंबई नऊ तास, आणि मुंबई ते कोल्हापूर आठ! शेवटच्या पावणेचारशे किलोमीटरांना पहिल्या सात हजारांइतकाच वेळ, हा हिशेब परदेशातल्या प्रत्येक कोल्हापूरकराने एकदा तरी रडत-हसत केलेला असतो.

*

मार्च २०२० मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली. परदेशी पासपोर्टवर ओसीआय कार्ड असणाऱ्यांना व्हिसाशिवाय येण्याची मुभाही त्याच महिन्यात थांबवली. अंतर तेवढंच, विमानं धावपट्टीच्या कडेला तयार उभी. वेळ मात्र अनंत.

एप्रिलच्या शेवटी आमची आत्या डोंबिवलीला गेली. करोनाने नाही, वयाने. तिचा एकुलता एक मुलगा लंडनजवळ हॅरोला असतो. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणतो. रात्री अडीच वाजता मी त्याला फोन केला, तिकडे रात्रीचे दहा वाजले होते. त्याने पहिली रिंग पुरी होऊ दिली नाही. पहिलं वाक्य त्याच्या तोंडून सवयीनेच आलं, "निघतो." मग तो गप्प झाला. मीही गप्प.

अंत्ययात्रेला वीस माणसांचीच परवानगी होती, आम्ही सात होतो. मी पूर्ण वेळ मोबाईल दोन हातांत धरून उभा होतो. दादा तिकडे धोतर नेसून स्वयंपाकघरात बसला होता. त्याच्या नावाने मडकं चुलतभावाने धरलं. मध्ये एकदा नेट गेलं आणि त्याचा चेहरा तसाच गोठून राहिला. तेव्हा मला कळेना, की तो तिकडे बोलतोय की रडतोय की नुसता बघतोय. फोन परत लागला तेव्हा अग्नी देऊन झाला होता.

रंगो बापूजींना बातमी कळायला कितीतरी दिवस लागले, गांधींपासून ती लपवली गेली, नानाआजोबांना तारेचा कागद मिळाला. दादाला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, त्याच क्षणी. हाक याच्याहून जास्त वेगाने पोचू शकत नाही. आणि दोनशे वर्षांत कुणी जितकं लांब नव्हतं तितका तो लांब होता.

मे महिन्यात 'वंदे भारत'ची विमानं सुरू झाली, नियमित सेवा पूर्ववत व्हायला मात्र मार्च २०२२ उजाडला. आता पुन्हा सगळं ठीक आहे असं आपण म्हणतो. घरात कुणी गेलं की पुन्हा तोच संवाद ऐकू येतो. "तो निघाला का?" "रात्रीचं विमान मिळालंय, उद्या दुपारी पोचेल." "मग थांबू या." हे 'थांबू या' म्हणता येणं ही अगदी अलीकडची चैन आहे. आपल्याकडे पूर्वी सूर्य मावळायच्या आत उरकायची घाई असे. आज थांबता येतं, कारण तिकडे विमान आहे आणि इकडे शीतपेटी. ती दोन यंत्रं मिळून हे अंतर कसंबसं एका दिवसात बसवतात. त्यातलं पहिलं कधी कुणाच्या परवानगीवर अडेल ते सांगता येत नाही.

दादाने यातून स्वतःपुरता एक धडा घेतला. तो आता दर वर्षी जानेवारीत येतो. लग्न नाही, मुंज नाही, आजारपण नाही. मामा नव्वदीला आलेत, त्यांच्यापाशी तीन आठवडे बसतो, त्यांना पेपर वाचून दाखवतो आणि परत जातो. शेजारच्या काकू विचारतात, "अरे, एवढ्या लांबून आलास, काय विशेष?"

"काही नाही काकू, असंच."